बार्बरा जॉर्डन आणि सिनेटची गेलेली जागा

निशिगंधा

गेल्या नोव्हेंबरात मी आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेत मत दिलं. सतरा वर्षं ह्यूस्टनला काढल्यावर. यंत्राने आधी भाषा विचारली: इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी, चिनी. माझ्या पुढच्या व्हिएतनामी आजींना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. मुलगी बाहेर थांबली, आजी एकट्या आत गेल्या, मत देऊन एकट्या बाहेर आल्या. ही सोय कुठून आली ते घरी येऊन शोधलं तर १९७५ चा कायदा निघाला, आणि तो टेक्ससला लागू व्हावा म्हणून भांडणारी याच शहरातल्या फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीतली एक वकील बाई. बार्बरा जॉर्डन. तेव्हापासून जे मिळेल ते वाचतेय आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून हा धागा.

जन्म २१ फेब्रुवारी १९३६. वडील गोदामात कारकून, शिवाय बाप्टिस्ट धर्मोपदेशक. फिलिस व्हीटली हायस्कूलमध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय वकील ईडिथ सॅम्पसन बोलायला आल्या, आणि हिने घरी जाऊन सांगून टाकलं की मी वकील होणार. पुढे टेक्सस सदर्न विद्यापीठ. या विद्यापीठाची जन्मकथाच वाचण्यासारखी आहे. हेमन स्वेट नावाच्या कृष्णवर्णीय पोस्टमनला ऑस्टिनच्या सरकारी लॉ स्कूलमध्ये प्रवेश हवा होता, तो कोर्टात गेला, आणि त्याला आत घ्यावं लागू नये म्हणून राज्याने १९४७ साली घाईघाईने 'त्यांच्यासाठी वेगळं' विद्यापीठ काढलं. त्याच विद्यापीठाच्या वादविवाद संघात ही मुलगी बोलायला शिकली, आणि त्या संघाने हार्वर्डशी बरोबरी केली. १९५९ मध्ये बोस्टन विद्यापीठाची कायद्याची पदवी. परत आली तेव्हा ऑफिस थाटायला पैसे नव्हते. आईवडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर वकिली सुरू झाली.

१९६२ आणि १९६४ ला टेक्ससच्या विधानसभेला उभी राहिली, दोन्हीदा पडली. १९६६ ला राज्याच्या सिनेटवर, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहावर, निवडून आली. १८८३ नंतर तिथे बसलेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती आणि कृष्णवर्णीय बायकांमध्ये तर पहिलीच. एकतीस सिनेटर, त्यात ही एकटी बाई. शपथविधीच्या दिवशी गॅलरीत ह्यूस्टनहून आलेल्या माणसांनी जल्लोष केला. सभागृहाच्या नियमात ते बसत नव्हतं. तिने वर बघून ओठांवर बोट ठेवलं. त्या एका खुणेत मला सगळी बार्बरा जॉर्डन दिसते: नियम ज्यांनी केले त्यांना माझं इथे असणं नको होतं, तरी मी नियम पाळणार आणि नियमांतूनच काम काढणार.

१९७२ ला ती काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून वॉशिंग्टनला गेली. जॉर्जियाचे अँड्र्यू यंग आणि ती, दोघं एकदमच. १९०१ नंतर दक्षिणेतून काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय माणूस नव्हता, म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ. मग २५ जुलै १९७४ ची रात्र. अध्यक्ष निक्सनच्या महाभियोगावर काँग्रेसच्या न्याय समितीची बैठक टीव्हीवर चालू, प्रत्येक सदस्याला पंधरा मिनिटं. तिने सुरुवातीलाच सांगितलं की 'आम्ही लोक' हे शब्द १७८७ ला लिहिले गेले तेव्हा त्यात मी नव्हते, कित्येक वर्षं मला वाटायचं की वॉशिंग्टन आणि हॅमिल्टन मला चुकून विसरले असावेत. घटनादुरुस्त्या आणि न्यायालयांच्या निकालांमुळे अखेर मी त्या शब्दांत आले. आणि मग म्हणाली की या घटनेवर माझा विश्वास संपूर्ण आहे. दोन दिवसांनी पहिला ठराव २७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. आमच्या ह्यूस्टनमध्ये तेव्हा मोठे फलक लागले होते, 'बार्बरा जॉर्डन, आम्हाला घटना समजावून सांगितल्याबद्दल आभार' अशा अर्थाचे.

सगळे तिला या भाषणासाठी ओळखतात. मला वाटतं तिचं मोठं काम भाषणाबाहेरचं आहे: ऑस्टिनमधली सहा वर्षं आणि १९७५ चा मताधिकार कायदा. ते तिने ज्यांच्याशी पटण्याचं काही कारणच नव्हतं अशा माणसांच्या मांडीला मांडी लावून करून घेतलं. त्याला कुणी 'प्रस्थापितांशी हातमिळवणी' म्हणतं तेव्हा मला राग येतो. तुम्हाला काय वाटतं?

वकीलकाका_सांगली

उत्तम लेख. वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहितो, आज बोर्डावर चार मॅटर आहेत.

कोरडवाहू

निशिगंधाताई, मनापासून लिहिलंय ते जाणवतं. पण अर्धीच गोष्ट आली आहे. १९६६ वरून तुम्ही थेट १९७२ वर उडी मारलीत, आणि तिच्यावरचा खरा आक्षेप नेमका त्या मधल्या पानावर आहे.

१९७० च्या जनगणनेनंतर टेक्ससला काँग्रेसची एक जागा वाढून मिळाली. मतदारसंघ नव्याने आखायचे होते. सिनेटमधल्या समित्या कोणाकडे द्यायच्या हे ठरवत होते लेफ्टनंट गव्हर्नर बेन बार्न्स, आणि त्यांनी पुनर्रचना समितीचं उपाध्यक्षपद जॉर्डनबाईंना दिलं. ह्यूस्टनच्या मध्यभागी नवा १८ वा मतदारसंघ आला, त्यांना निवडून येता येईल असा. इथपर्यंत ठीक. पण त्याच वर्षी राज्य सिनेटचा नकाशाही बदलला आणि ज्या जागेवरून त्या निवडून आल्या होत्या तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्या अशा तोडल्या गेल्या की तिथून पुन्हा कृष्णवर्णीय उमेदवार येणं अवघड झालं. त्या जागेवर उभं राहायचं ठरवून बसलेले ह्यूस्टनचे आमदार कर्टिस ग्रेव्हज यांनी उघड आरोप केला: बाईंनी काँग्रेसच्या जागेच्या बदल्यात समाजाची सिनेटची जागा सोडून दिली. मग ते प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सपाटून हरले. जॉर्डनबाईंना ऐंशी टक्क्यांच्या आसपास मतं पडली.

लोकांनी कौल दिला, मान्य. पण कौल मिळाला म्हणून हिशेब मिटत नाही. त्या गेल्यावर टेक्ससच्या सिनेटमध्ये पुढचा कृष्णवर्णीय सदस्य कधी आला माहीत आहे? १९८३ साली, क्रेग वॉशिंग्टन. मधली दहा वर्षं तिथे कोणीच नाही. तुमच्या फलकांवर ही दहा वर्षं कुठेच नव्हती.

रानजाई

मी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं. एक भाबडा प्रश्न. १९६२ आणि ६४ ला पडलेली बाई १९६६ ला कशी काय निवडून आली? दोन वर्षांत लोक बदलले?

वकीलकाका_सांगली

रानजाई, प्रश्न भाबडा नाही, सगळ्याचं मूळ त्यातच आहे. लोक बदलले नाहीत, हद्द बदलली.

१९६२ ला हॅरिस काउंटीच्या, म्हणजे ह्यूस्टन ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, विधानसभेच्या जागा अख्ख्या काउंटीच्या मतांवर भरल्या जात. म्हणजे फिफ्थ वॉर्डातल्या उमेदवाराने पूर्ण काउंटीतल्या गोऱ्या मतदारांकडून मतं आणायची. एका वस्तीने भरभरून दिलं तरी ते बाकीच्यात बुडून जाई. त्यात पोल टॅक्स, म्हणजे मत देण्यासाठी भरायचा कर, पावणेदोन डॉलरपर्यंत. मोलकरणीच्या रोजीच्या हिशेबात हा पैसा लहान नव्हता. १९६४ ला सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स खटल्यात सांगितलं की राज्याच्या दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात हवेत. त्याआधी टेक्ससमध्ये काउंटी कितीही मोठी असली तरी तिला सिनेटर एकच, त्यामुळे ह्यूस्टनसारख्या शहराचं मत ओसाड काउंट्यांपेक्षा किती तरी हलकं पडे. निकालानंतर हॅरिस काउंटीच्या वाट्याला जास्त सिनेटर आले, त्यांचे स्वतंत्र मतदारसंघ झाले, आणि एका मतदारसंघात फिफ्थ वॉर्ड जवळजवळ सलग आला. १९६६ च्या सुरुवातीला पोल टॅक्सही न्यायालयात पडला. बाई निवडून आल्या.

आता कोरडवाहू. तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. सिनेटचा अखेरचा नकाशा सिनेटने केलाच नाही. टेक्ससच्या घटनेत एक पाच जणांचं पुनर्रचना मंडळ आहे: लेफ्टनंट गव्हर्नर, सभापती, ॲटर्नी जनरल, कंप्ट्रोलर आणि लँड कमिशनर. १९७१ ला सिनेटचा नकाशा त्या मंडळाकडे गेला. त्यात जॉर्डनबाई नव्हत्या, असू शकतच नव्हत्या. जी वस्तू तुमच्या ताब्यात नाही ती विकल्याचा आरोप कोणत्याही न्यायालयात पहिल्या दिवशी निकाली निघेल.

आणि त्या सभागृहात एकटीने काय करता येतं तेही बघा. टेक्सस सिनेटमध्ये विधेयक चर्चेला घ्यायला प्रथेने दोनतृतीयांश पाठिंबा लागे. एकतीसमधले एकवीस. म्हणजे अकरा जण आडवे आले की विधेयक जागच्या जागी थांबे. मतदार नोंदणी अवघड करणारं एक विधेयक आलं तेव्हा बाईंनी भाषण केलं नाही. एकेकाला गाठून, आजवर केलेल्या मदतीची आठवण देऊन दहा जण जमवले. अकराव्या त्या स्वतः. विधेयक वर आलंच नाही. ज्या शेतमजुरांना, धोबीकाम करणाऱ्यांना केंद्राचा कायदा पोचत नव्हता त्यांच्यासाठी राज्याचा पहिला किमान वेतन कायदा झाला, त्यामागेही त्यांचा रेटा होता. चाळीस वर्षं कोर्टात घालवल्यावर मला एवढं कळलंय की अशिलाचं भलं करणारा वकील समोरच्या वकिलाशी बोलणं तोडत नाही.

कोरडवाहू

काका, "जी वस्तू ताब्यात नाही ती विकता येत नाही" हा युक्तिवाद कोर्टात चालेल, राजकारणात नाही. मंडळात बार्न्स होते. काँग्रेसच्या नकाशावरही हात बार्न्स यांचाच. एकाच माणसाने एकाच वर्षात एका हाताने एक जागा दिली आणि दुसऱ्या हाताने एक काढून घेतली. मागच्या दाराने सौदा झाला असं मी म्हणत नाही, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि ग्रेव्हज यांनीही दाखवला नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी आरडाओरडा का केला नाही? ज्या बाईच्या आवाजाने तीन वर्षांनी अख्खा देश थांबला, तो आवाज १९७१ ला आपल्याच वस्तीचा नकाशा फाडला जाताना कुठे होता?

आपल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. १९३२ ला पुण्यात बाबासाहेबांपुढे हाच पेच होता. प्रतिनिधी आपला असून भागत नाही, तो कोणाच्या मतावर उभा आहे हे महत्त्वाचं. ज्याच्या मेहेरबानीने जागा मिळते त्याच्यासमोर आवाज खाली येतो.

मुक्ताई

मी नागपूरला राज्यशास्त्र शिकवते. कोरडवाहूंच्या बाजूने आणखी एक गोष्ट, ती इथे कोणी काढलेली नाही आणि मला ती सर्वांत जास्त सलते.

एप्रिल १९७५. जॉन कॉनली, टेक्ससचे माजी गव्हर्नर, पुढे निक्सनचे अर्थमंत्री. दूध उत्पादकांच्या संस्थेकडून दहा हजार डॉलर घेतल्याचा खटला वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यावर चालू होता. बचावाने चारित्र्याचे साक्षीदार आणले, त्यात धर्मोपदेशक बिली ग्रॅहम होते, माजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन होत्या. आणि बार्बरा जॉर्डन होत्या. कॉनली सुटले. हा तोच माणूस ज्याने गव्हर्नर असताना हॉटेलं आणि उपाहारगृहं सर्वांना खुली करणाऱ्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला होता, आणि १९७३ ला निक्सनच्या रिपब्लिकन पक्षात गेला होता. महाभियोगाच्या त्या रात्रीला वर्षही झालं नव्हतं. माझे विद्यार्थी ते भाषण ऐकून भारावतात आणि मी त्यांना ही साक्षही सांगते. काही जण गप्प होतात.

न्यायालयात त्यांनी दिलेली साक्ष खोटी होती असं मी म्हणत नाही. आरोप सिद्ध झाला नाही हेही खरं. पण साक्ष द्यायला जाणं ही सक्ती नव्हती. ऑस्टिनच्या जुन्या वर्तुळाशी असलेलं नातं त्यांना तिथे घेऊन गेलं. तडजोडीची सवय अंगवळणी पडली की ती कुठे थांबवायची ते कळेनासं होतं.

निशिगंधा

मुक्ताई, ही साक्ष मी वाचली होती आणि मुद्दामच लिहिली नव्हती. ते चुकलं. तिचं समर्थन मला करता येत नाही, करणारही नाही.

पण त्याच वसंतात ती दुसरं काय करत होती ते शेजारी ठेवा. १९६५ च्या मताधिकार कायद्याची मुदत संपत आली होती. त्या कायद्याने दक्षिणेतल्या काही राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. टेक्सस त्यात नव्हतं, कारण तिथे साक्षरता चाचणी नव्हती. जॉर्डनने धरून लावलं की फक्त इंग्रजीत छापलेली मतपत्रिका ही जिला इंग्रजी येत नाही तिच्यासाठी साक्षरता चाचणीच आहे. या व्याख्येने टेक्सस कायद्याखाली आलं. गव्हर्नर डॉल्फ ब्रिस्को तिच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, त्यांनी कडाडून विरोध केला, पुढे राज्य कोर्टातही गेलं आणि हरलं. ६ ऑगस्ट १९७५ ला अध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. त्यानंतर ३८ वर्षं, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापर्यंत, टेक्ससमध्ये मतदान केंद्र हलवायचं तरी आधी वॉशिंग्टनला विचारावं लागत होतं. मतदारसंघाचा नकाशा बदलायचा असेल तर अर्थातच.

कोरडवाहू, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी. १९७१ ला तिचा सिनेटचा मतदारसंघ तोडला तेव्हा टेक्ससला कुणाला विचारावं लागत नव्हतं. चार वर्षांनी तिने ती पळवाटच बंद केली. आणि ज्या माणसांनी तिला काँग्रेसमध्ये पाठवलं असं तुम्ही म्हणता, त्यांच्याच राज्याला तिने केंद्राच्या नजरेखाली आणलं. मिंधी बाई असं करते?

एडिसनकर

माझा आक्षेप अगदीच वेगळा आहे आणि थोडा घरगुती आहे.

मी न्यू जर्सीत आलो तो थोरल्या भावाच्या अर्जावर. दादाने नागरिकत्व मिळताच माझा अर्ज भरला, पुढे दहा वर्षांहून जास्त वाट पाहिली, आणि आलो. आमच्या इमारतीत अशी किती तरी घरं आहेत. आता हे वाचा. १९९३ ला अध्यक्ष क्लिंटन यांनी स्थलांतर सुधारणा आयोगाचं अध्यक्षपद बार्बरा जॉर्डन यांना दिलं. १९९५ ला आयोगाने शिफारस केली: कायदेशीर स्थलांतर कमी करून वर्षाला साडेपाच लाखांवर आणा, आणि नागरिकांच्या भावाबहिणींची वर्गवारी बंद करा. म्हणजे माझी. त्या म्हणायच्या, ज्यांनी आत यायला हवं ते येतील, ज्यांना रोखायचं ते रोखले जातील आणि ज्यांनी इथे असू नये त्यांना जावं लागेल, एवढं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आज स्थलांतराला विरोध करणारे लोक त्यांचं नाव घेऊन भाषणं करतात.

'आम्ही लोक' या शब्दांत मी नव्हते, असं म्हणणाऱ्या बाईने माझ्यासारख्याला बाहेर ठेवायची शिफारस करावी याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. त्यांच्याबद्दलचा आदर ठेवूनच लिहितोय.

वकीलकाका_सांगली

एडिसनकर, तुमचं दुःख समजतं. आयोगाची ती शिफारस मलाही चुकीची वाटते. पण त्यांचं नाव घेणारे एक गोष्ट सोडून देतात. डिसेंबर १९९५ ला काँग्रेसमध्ये जन्मसिद्ध नागरिकत्व काढून घेण्याचा विषय आला, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं नागरिक नाहीत असं ठरवायचं. जॉर्डनबाई समितीपुढे गेल्या आणि स्पष्ट विरोध केला. चौदावी घटनादुरुस्ती गुलामीतून सुटलेल्यांना नागरिक करण्यासाठी आली होती, तिला हात लावू नका, ही त्यांची भूमिका. तेव्हा त्यांना चालता येत नव्हतं, चाकाच्या खुर्चीवर होत्या. पाच आठवड्यांनी, १७ जानेवारी १९९६ ला, गेल्या. वय ५९.

रानजाई

चाकाच्या खुर्चीवर? काय झालं होतं?

निशिगंधा

मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार. काँग्रेसमधल्या पहिल्याच वर्षी, १९७३ ला निदान झालं. तिने ते लोकांपासून झाकून ठेवलं. १९७६ ला न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पक्षाच्या अधिवेशनाचं मुख्य भाषण केलं तेव्हाही आजार होताच. तीन मुदती करून १९७९ ला ती काँग्रेसमधून बाहेर पडली आणि ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात लिंडन जॉन्सन यांच्या नावाच्या प्रशालेत शिकवू लागली. हेमन स्वेटला ज्या विद्यापीठाने दारात उभं केलं नव्हतं तेच हे. नीतिमूल्यांवरचा तिचा वर्ग इतका भरायचा की जागेसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत.

एडिसनकर, तुमचं वाचून मी पण गप्प झाले. माझी नणंद याच रांगेत आहे. त्या शिफारशीबद्दल मी तुमच्यासोबत आहे.

वकीलकाका_सांगली

एक प्रसंग राहिला होता आणि माझ्या मते या धाग्यावरचं उत्तर त्यात आहे.

सप्टेंबर १९८७. अध्यक्ष रीगन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचं नाव पुढे केलं होतं. बोर्क मोठे विद्वान, पण रेनॉल्ड्ससारख्या 'एक माणूस, एक मत' सांगणाऱ्या निकालांवर त्यांनी टीका केली होती. वॉशिंग्टनच्या सिनेटच्या न्याय समितीपुढे जॉर्डनबाई साक्षीला आल्या. सिद्धांत सांगत बसल्या नाहीत. आपली गोष्ट सांगितली. १९६२ ला उभी राहिले, हरले. १९६४ ला उभी राहिले, हरले. मग न्यायालयाने मतदारसंघ पुन्हा आखायला लावले, १९६६ ला जिंकले. या माणसाचं मत चाललं असतं तर मी आज तुमच्यासमोर नसते. पुढे सिनेटने बोर्क यांना ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं.

वकील म्हणून सांगतो, स्वतःच्या यशाचं श्रेय स्वतःच्या वाणीला, बुद्धीला न देता एका नकाशाला देणारा राजकारणी मी दुसरा पाहिला नाही. अशा बाईवर तुम्ही जागा विकल्याचा संशय घेता, कोरडवाहू?

कोरडवाहू

काका, संशय मी घेतलाच नाही, वर स्पष्ट लिहिलंय. पण तुम्ही सांगितलेल्या या प्रसंगाने माझा मुद्दा आणखी घट्ट झाला.

नकाशा म्हणजे काय हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? दोनदा हरून, तिसऱ्यांदा फक्त रेषा हलल्यामुळे जिंकलेली बाई. पंचवीस किलोमीटर इकडे की तिकडे यावर माणूस आत जातो की बाहेर राहतो हे त्यांनी अंगावर भोगलं होतं. अज्ञान असतं तर मी हा विषय काढलाच नसता. १९७५ च्या कायद्याचं निशिगंधाताई म्हणतात ते मला पटलं, ते मोठं काम आहे आणि ते करायला हिंमत लागली, मिंधी म्हणणं चूक ठरेल. माझा 'मेहेरबानी' हा शब्द मागे घेतो. पण १९७१ ला त्या गप्प राहिल्या आणि समजून गप्प राहिल्या. काँग्रेसची जागा दिसत होती म्हणून. कदाचित त्यांचा हिशेब बरोबर होता, वॉशिंग्टनमधून जास्त काम झालं. तरी त्या हिशेबातली वजाबाकी फिफ्थ वॉर्डातल्या लोकांच्या नावावर पडली.

मुक्ताई

कोरडवाहूंच्या या शेवटच्या दोन वाक्यांशी पूर्ण सहमत. आणि काकांनी सांगितलेली बोर्क यांच्यासमोरची साक्ष मला माहीत नव्हती. पुढच्या आठवड्यात वर्गात १९७४ च्या भाषणाबरोबर तीही लावणार, कॉनलीच्या आधी.

वकीलकाका_सांगली

मला अजूनही वाटतं की ओरडून ती जागा वाचली नसती. मंडळात पाच माणसं होती आणि पाचही गोरी होती. हरणाऱ्या खटल्यात आरडाओरडा करणाऱ्या वकिलाला टाळ्या पडतात, अशिलाच्या पदरात काही पडत नाही. त्या १८ व्या मतदारसंघातून पुढे मिकी लेलँड आले, इथिओपियात उपाशी माणसांना अन्न पोचवण्याच्या कामावर असताना १९८९ ला विमान अपघातात गेले. त्यांच्या जागी आले ते क्रेग वॉशिंग्टन, कोरडवाहूंनी सांगितलेले तेच, सिनेटमधून. मग १९९५ पासून २०२४ ला जाईपर्यंत शीला जॅक्सन ली. पन्नास वर्षं ती एक जागा टिकली. ती धरून ठेवणं माझ्या लेखी मोठं.

रानजाई

काका, पण ओरडून वाचली नसती हे तेव्हा कोणाला माहीत होतं? मतदार नोंदणीचं विधेयक अडवायला दहा जण मिळतील हे तरी आधी कुठे माहीत होतं? त्यांनी जाऊन विचारलं म्हणून मिळाले.

कोरडवाहू

रानजाई, हेच मला तीन प्रतिसादांत नीट सांगता आलं नव्हतं.

वकीलकाका_सांगली

यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. विचार करून लिहितो.

निशिगंधा

मूळ लेखात दुरुस्ती करणार आहे. १९६६ आणि १९७२ च्या मध्ये एक परिच्छेद घालेन: १९७१ चा नकाशा, ग्रेव्हज यांचा आरोप, पाच जणांचं मंडळ, आणि १९७३ ते १९८३ ही दहा वर्षं. कॉनलीची साक्षही घालेन. आधीचं काही काढणार नाही.

शनिवारी ऑस्टिनला जाणार आहे. तिथल्या राज्य स्मशानभूमीत तिला पुरलंय. तिच्याआधी तिथे एकाही कृष्णवर्णीय माणसाला जागा मिळाली नव्हती. फोटो टाकते.